डबा कानाला लावणारा भिवा

जेवणाचा डबा आला की माणूस तो उघडतो. आमचा भिवा आधी कानाला लावतो.

खोटं सांगत नाही. दुपारच्याला कोल्हारला आमच्या आळीत या आणि डोळ्यांनी बघा. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर भिवा, मांडीवर लांब दांड्याचा लोखंडी झारा, आणि डाव्या हातात धरलेला स्टीलचा डबा कानाशी हळूहळू हलतोय. डोळे मिटलेले. मधे कुणी बोललं तर डबा खाली ठेवून झारा वर करतो, म्हणजे गप. मग निकाल देतो. "आमटी पातळ हाय. नुसती पळतीय." नाहीतर, "आज बरी हाय. जड पावलांनी चालतीय."

शिर्डीला पायी निघालेली माणसं कधीकधी आमच्या ओट्याला टेकतात. त्यातल्या एका बाईनं हे बघून मला हळूच विचारलं, "बाबांना ऐकायला कमी येतं का?"

म्हटलं, "न्हाई बाई, लई जादा येतं."

गाव त्याला तात्या म्हणतं, मला आप्पा. मी भिव्या म्हणतो, तो मला म्हाद्या म्हणतो. आमच्या घरांना मधली भिंत एकच. त्यानं दुसरीतून शाळा सोडली, मी तिसरीतून. म्हणजे दोघांत शिकलेला मी, म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडं आलं.

भिवा आचारी होता. लग्न असो, जत्रा असो, सप्ता असो, दहावा असो, चुलवणावर कढई चढली की शेजारी भिवा झारा घेऊन उभा. जन्मभर पंगतीच बघितल्यामुळं त्याला माणसं दिसतच नाहीत, पानं दिसतात. मी एकदा त्याला सांगितलं, मुंबईत कोटीच्या वर माणूस राहतो. त्यानं डोळे मोठे केले. मला वाटलं थक्क झाला. मग म्हणाला, "लापशी जमणार न्हाई. बुंदीवर भागवावं लागंल."

कुणी वारलं तर तो 'वारला' म्हणत नाही. "पानावरून उठला का?" म्हणतो. आणि पुढं विचारतो, "पोट भरून उठला, का अर्ध्यावरून?" नातवंडं-पतवंडं बघून गेलेला म्हातारा पोट भरून उठलेला. त्याची बायको कोंडाबाई अर्ध्या पानावरून उठली. हे तो एकदाच बोलला.

कोंडाबाई गेल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःपुरतं पिठलं केलं. स्वतःपुरतं म्हणजे किती, तर आळीतल्या प्रत्येक घरी पातेलंभर गेलं तरी खाली कढईत उरलंच. दुसऱ्या दिवशी ते म्हशींना घातलं. तिसऱ्या दिवशी म्हशींनीसुद्धा तोंड फिरवलं. मी म्हटलं, "भिव्या, एका माणसाला एक मूठ पीठ बास होतं."

"मुठीनं मोजायला ती काय भीक हाय का रं?" तो माझ्यावरच उखडला.

पुढं त्याच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची पाळी आली आणि तोंडाची उजवी बाजू हलायची थांबली. दुसरा माणूस खाटेला खिळला असता. यानं त्या हाताचं नाव पाव्हणा ठेवलं. येईल त्याला ओळख करून द्यायचा. "हा आमचा पाव्हणा. बसून खातो, कामाला हात लावत न्हाई. जा म्हणावं तर जात पण न्हाई."

डाव्या हातानं स्वयंपाक करायचा हट्ट त्यानं धरला. आता पीठ मळायचं तर एका हातानं मळावं लागतं आणि दुसऱ्यानं परात धरावी लागते. धरायला कुणी नाही, त्यामुळं परात घरभर पळायला लागली. यानं ती भिंतीला अडवली, मग पायानं दाबली. शेवटी परातीत बसायचं तेवढं राहिलं. एक दिवस फोडणी टाकताना धोतराचा सोगा पेटला. ओरडा ऐकून मी पळत गेलो आणि सगळा माठ त्याच्यावर उपडा केला. धोतर विझलं, गॅस विझला, मळलेलं पीठ मोरीकडं निघालं. भिवा निथळत उभा. म्हणाला, "म्हाद्या, फोडणी पण विझवलीस की रं!"

त्याची मुलगी मंगल पुण्याला असते. ती दुसऱ्या दिवशी आली आणि गॅसची टाकी उचलून मागच्या खोलीत कुलपात टाकली. "तात्या, डबा लावा. न्हाईतर माझ्याकडं चला. ज्या दिवशी डबा बंद झाल्याचं कळंल, त्या दिवशी मी गाडी घिऊन आलेच म्हणून समजा."

पोरगी प्रेमानंच बोलली. पण भिवा एकदा तिच्याकडं राहून आला होता आणि पळून आल्यासारखा परत आला होता. "तिथं कुणाच्या घरात काय शिजतंय त्ये कळतच न्हाई रं. दारं बंद, खिडक्या बंद. नाक घिऊन जायचं कशाला?" तेव्हा सगळं त्या डब्यावर येऊन टेकलं. डबा चालू तर भिवा कोल्हारात. डबा बंद तर भिवा पुण्यात, बंद दाराच्या आत.

आणि या बहाद्दरानं पहिले दोन डबेवाले पळवून लावले.

पहिला डबा रस्त्यावरच्या एका खानावळीतून यायचा. त्यात लाल रंगाची पनीरची भाजी होती. भिवानं ती झाऱ्यावर घेऊन उन्हात धरली आणि डबा आणणाऱ्याला विचारलं, "ही खायची, का दाराला लावायची?" दुसरा डबा प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून यायचा, आमटीच्या पिशवीला गच्च गाठ मारलेली. आता एका हाताच्या माणसानं गाठ सोडायची कशी? यानं दातानं ओढली. आमटी टोपीवर गेली, सतरंजीवर गेली, ओट्याच्या खांबावर गेली. फक्त तोंडात गेली नाही. मग भिवा फोनवर त्यांच्याशी जे बोलायचं ते बोलला. ते मी इथं लिहीत नाही.

तिसरी सुनंदा. वरच्या आळीची, स्कूटीवरून डबे पोचवणारी. तिनं पहिल्याच दिवशी भिवाचा हात बघितला आणि दुसऱ्या दिवशी डब्याची कडी ढिली करून आणली. डबा गुडघ्यांत धरला की एका हातानं उघडतो. त्या दिवसापासून भिवा तिला 'पोरी' म्हणायला लागला. फक्त एकट्याचा डबा घेईना. "एका पानाचं माप माझ्या तोंडातून निघत न्हाई. दोन पानांचं पाठव." घरपोच डबा देणारं कोल्हारात चौथं कुणी नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

आता थोडं माझं. माझी बायको गेली, पोरगा नाशिकला कंपनीत आहे, बोलावतो, मी जात नाही. माझं मी करून खातो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय म्हणून भाकरी कधी कच्ची निघते कधी काळी, पण माझी असते. भिवाला भिंतीपलीकडून वास जातो. "म्हाद्या, आज कोळसा पाडलास का?" म्हणून ओरडतो. कधी कंटाळा आला आणि शेंगदाणे-गूळ खाऊन पडलो, तर "आज वास न्हाई आला रं," म्हणूनही ओरडतो. दहा वेळा जेवायला बोलावलं त्यानं. मी गेलो नाही. कुणाच्या फुकटच्या ताटावर बसणाऱ्यातला मी नाही.

पण चाखायला बसणं वेगळं. भिवाच्या पंगतीत नैवेद्य झाला की गावातल्या एकाला तो चाखायला बोलवायचा. त्यानं मान हलवली की मगच पहिली पंगत बसायची. मोठा मान होता तो. मला उभ्या जन्मात मिळाला नाही. "तुझी जीभ तंबाखूनं मेलीय," म्हणायचा.

सुनंदाचा डबा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं मला भिंतीवरून हाक मारली. आवाज बारीक केला. "म्हाद्या, वाऱ्यानं जीभ पण नेली रं. खारट कळत न्हाई, गोड कळत न्हाई. कुणाला सांगू नको."

मी नाही सांगितलं. यानंच संध्याकाळपर्यंत आळीभर सांगितलं. आचाऱ्याची जीभ गेली म्हणून बायका चुकचुकल्या. मसाल्याचं प्रमाण विचारायला येणारी नवी आचारी मंडळी यायची थांबली. एवढं नाव कमावलेला माणूस, पण त्यानं ते बोलणं ऐकून घेतलं.

"चाखणारा पायजे," मला म्हणाला. "गावात तुझ्यासारखी जीभ न्हाई."

मी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मग बसलो.

चाखायचेही नियम होते. त्याचे नियम. एका घासावर निकाल द्यायचा नाही, कारण पहिल्या घासाला जीभ लाजते. आमटी भाकरीबरोबर चाखायची, मग भाताबरोबर, कारण भात मीठ लपवतो. भाजी गरम चाखायची आणि गार झाल्यावर परत. "पोटात गेल्याबिगर मीठ कळत न्हाई," भिवा झारा आपटून सांगायचा. चाखणं उरकेपर्यंत माझ्या दोन भाकऱ्या होऊन जायच्या. घरी जाऊन मी फक्त पाणी प्यायचो.

संध्याकाळी रिकामा डबा न्यायला सुनंदा आली की निकाल मी सांगायचा. आता चाखणाऱ्यानं 'बरोबर हाय' म्हटलं तर त्याचं काम संपलं. उद्या त्याला कोण बोलावील? म्हणून मी रोज मीठ कमी म्हणायचो. डब्यात काही असो, मीठ कमी.

एक दिवस सुनंदा दुपारी डबा घेऊन आली आणि गेलीच नाही. स्कूटी बंद केली, पदर खोचला आणि ओट्याच्या पायरीवर बसली. "आज मी हितंच बसनार. चाखा, आप्पा."

भिवानं डबा कानाला लावला. डोळे मिटले. "दाट," म्हणाला. मग मी चाखलं, भाकरीशी, भाताशी, सगळं रीतसर. आणि सवयीनं म्हटलं, "मीठ कमी हाय."

सुनंदा उठलीच. "कमी? काल मी मुद्दाम जादा टाकलं हुतं, तरी काल पण कमीच म्हनला तुमी!"

खरं होतं. आदल्या रात्री मी चार वेळा उठून पाणी प्यालो होतो.

"जमायचं न्हाई मला," ती म्हणाली. "उद्यापासनं डबा बंद. मंगलताईंना मी सांगते."

भिवा सावरून बसला. "अगं पोरी, म्हातारा माणूस हाय त्यो, मनावर घिऊ नको. मला चव कळत न्हाई म्हणून मी त्याला..."

"चव कळत न्हाई?" सुनंदाचा आवाज खालच्या आळीपर्यंत गेला असेल. "मग आज सकाळी फोन कुणी केला? 'पोरी, काल हात सैल सुटला मिठाला, आन खोबरं जरा कमी भाज.' रोज सकाळी कोण सांगतं मला? तुमचा पाव्हणा बोलतो का फोनवर?"

भिवाच्या तोंडाची एक बाजू तशीही हलत नाही. तेव्हा दुसरी पण थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. झाऱ्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत बसला.

माझ्या हातात घास होता.

मला सगळं कळलं. दोन पानांचा डबा कळला, लाजणारी जीभ कळली, भात लपवतो ते मीठ कळलं. माझा स्वभाव मला माहीत आहे. घास ताटात टाकून, धोतर झटकून मी उठायला पाहिजे होतं. उठलो असतो तर सुनंदा गेली असती, मंगलची गाडी आली असती, आणि भिंतीपलीकडून माझी करपलेली भाकरी हुंगायला कुणी राहिलं नसतं.

मी तो घास तोंडात टाकला. नीट चावला. गिळला.

"मीठ बरोबर हाय," म्हटलं.

सुनंदा स्कूटीकडं निघालेली, ती वळली. "काय म्हनलात?"

"बरोबर हाय म्हटलं. मगाशी भात मधे आला."

"आप्पा, थांबा, परत म्हना. मोबाईलात घेते!" आणि खरंच तिनं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. मी परत म्हटलं. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिची किल्ली खाली पडली. "उद्या वांगं आनते," म्हणाली आणि गेली.

आम्ही दोघं बसलो. भिवा दुसरीकडंच बघत बोलला, "एका दिवसाच्या निकालानं काय व्हतं? वांग्याचा भरवसा नसतो."

"व्हय," मी म्हटलं. "वांगं फसवतं."

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक आली नाही. मीच गेलो. डबा आलेला होता आणि उघडलेला नव्हता. भिवानं तो उचलून कानाला लावला, डोळे मिटले, हलवला. निकाल मात्र दिला नाही. डबा माझ्यापुढं सरकवला.

"आज तू ऐक."

मी कानाला लावला. मला कशाचा आवाज आला नाही. नुसती ऊब लागली कानाला.

"काय म्हणती?" भिवानं विचारलं.

"दाट हाय," मी म्हटलं. "दोघांना पुरंल."