संशयमार्तंडांची लिंबू-मोहीम

पुढे होणाऱ्या वकील मंडळींनी आणि त्यांच्या मातुश्रींनी वाचून ध्यानी धरावे, या इराद्याने ही हकीकत लिहिली असे. लिहिणाराने कोणाचे मीठ खाल्ले नाही, सबब खुशामत नाही. जेथे फत्ते जाहली तेथे फत्ते लिहिली, आणि जेथे फजिती जाहली तेथे फजितीही त्याच शाईने लिहिली.

राजमान्य राजश्री वकीलसाहेब, ज्यांस कोर्टाच्या आवारात संशयमार्तंड हा किताब होता, ते फौजदारी बचावाचे कामी अद्वितीय पुरुष. ज्यांची तसबीर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानी छापली जाते आणि तसबिरीत तोंडावर रुमाल असतो, ऐसे मातबर आरोपी त्यांचे दारी हवालदिल होऊन येत, आणि मग सराफाच्या तिजोरीचा दरोडा म्हणा, नामांकित नटाने मोटारीखाली फळवाल्याची गाडी चिरडल्याचा कज्जा म्हणा, वकीलसाहेब काळा डगला चढवून जातीनिशी उभे राहात आणि सरकारी वकिलांची फौज दाणादाण करीत. त्यांची उलटतपासणी ऐसी जालीम की खंबीर साक्षीदार सकाळी सर्व काही पाहिलेला येई, आणि दुपारच्या सुट्टीपावेतो त्याच्या मुखातून “आठवत नाही” एवढेच बाहेर पडे. हे दोन शब्द वदवून घेण्यात त्यांची बरोबरी करणारा उभ्या मुलखात नव्हता.

आणि त्यांचा एक नेम होता, तो त्यांनी वकिलीच्या पहिल्या सालापासून मोडिला नव्हता. आरोपीस “तू हे केलेस काय” ऐसे कदापि विचारावयाचे नाही. कारण आरोपी हो म्हणाला तर आपले हात बांधले जातात, आणि बांधल्या हातांनी लढाई होत नाही. सबब अशील बोलू लागला की साहेब पंजा वर करून फर्मावीत, “मला सांगू नका.” या नेमाने त्यांची कारकीर्द बुलंद जाहली, आणि याच नेमाने त्यांच्या घरावर पुढील संकट आले.

आता मुलखाचे वर्णन. वकीलसाहेबांचे बिऱ्हाड एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, परंतु ती तिच्या मर्जीने चालते. समोरच्या दारी मुख्याध्यापिकाबाई राहात, ज्यांनी उमेदीची सर्व वर्षे एका शाळेवर हुकूमत केली आणि निवृत्त जाहल्यावरही ज्यांच्यासमोर पोस्टमन नीट उभा राही. दोन दारांमध्ये जिन्याचा चौक, आणि त्या चौकात मातीच्या कुंडीत लिंबाचे झाड. ते बाईंच्या कन्येने परदेशी जाण्यापूर्वी लाविले होते. त्यास बाई सकाळी पाणी घालीत आणि वकीलसाहेबांच्या मातुश्री दुपारी घालीत, आणि पाणी घालून जाहले की मातुश्री तो चौक ओलांडून बाईंकडे चहास जात. मातुश्रींचे गुडघे बंडखोर, जिना उतरू देत नसत. सबब समोरचे दार हेच त्यांचे फिरणे, तीच यात्रा आणि तेच परगाव. त्या एका चहावर त्यांचा दिवस उभा होता.

झाडास कैक वर्षे फळ धरले नाही. यंदा एक लिंबू धरले. बाईंनी त्याची तसबीर कन्येस फोनवरून रवाना केली, आणि कन्येचा निरोप आला की मी सुट्टीस येईन तेव्हा कापू, तोवर कोणी हात लावू नये. मग बाईंनी जिन्याने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास थांबवून ते फळ दाखविले, इतके की दूधवालाही त्याची खुशाली विचारू लागला.

ऐसे असता एके दुपारी मातुश्री पाने पुसत होत्या आणि फडके देठात अडकले आणि लिंबू अलगद त्यांच्या हातात आले.  समोरच्या दारास कुलूप, कारण बाई दातांच्या डॉक्टरकडे मोहिमेवर होत्या. तेव्हा मातुश्रींनी फळ फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात सुरक्षित ठेविले, आणि बाई आल्या की हातात देऊन माफी मागावी ऐसा मनसुबा केला. बाई रात्री उशिरा परतल्या, तोवर मातुश्रींचा डोळा लागला होता.

दुसरे दिवशी पेढीच्या, म्हणजे एका बँकेच्या, गफल्याच्या खटल्यात अखेरचे भाषण होते. अवघ्या मुलखाचे लक्ष त्याजकडे. वकीलसाहेब प्रातःकाळी उठले तो घसा बसलेला. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरावर चाल करून कोमट पाणी घेतले आणि फ्रिज धुंडून जे हाती आले ते त्यात पिळले आणि उभ्यानेच प्राशन करून कोर्टाकडे कूच केले. आवाज ऐसा मोकळा जाहला की भाषण जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालले, आणि सायंकाळी निकाल होऊन पेढीचे संचालक निर्दोष सुटून मोटारीत बसले. वर्तमानपत्रांनी लिहिले की असा घसा पुन्हा होणे नाही.

ते समयी इकडे काय वर्तमान, तर बाई, ज्या दातदुखीने दिवसभर निजून होत्या, त्या आता दारी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

“ताई, लिंबू कुठे दिसलं का हो? झाडावर नाही.”

“अहो बाई, मी सकाळपासून तुम्हाला तेच सांगायला बघतेय. काल ते माझ्या—”

एवढ्यात लिफ्ट मर्जीवर येऊन वकीलसाहेब फत्ते करून वर आले. अंगात डगला, कपाळी घाम, कानांत निकालाची वाहवा. त्यांनी पाहिले की एक पक्ष प्रश्न करीत आहे आणि आपल्या पक्षाची व्यक्ती उत्तर देत आहे. मग जे हात इतकी वर्षे एकच काम करीत आले त्यांनी तेच केले. पंजा वर जाहला.

“आई, एक शब्द बोलायचा नाही. बाई, तुमचा काही आरोप आहे का? असला तर लेखी द्या.”

बाईंनी आयुष्यभर इतरांकडून लेखी मागितले होते, त्यांच्याकडे कोणी मागितले नव्हते. त्या वळल्या आणि आत गेल्या आणि सुवाच्य अक्षरात लेखी देत्या जाहल्या, की लिंबाचा जाब ताईंनी द्यावा. येणेप्रमाणे युद्ध पेटले.

इमारतीच्या कमिटीने तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा बोलाविली. मातुश्रींनी दरम्यान तीन वेळा चिरंजीवांस गाठले. एकदा जेवताना, एकदा दाढी करताना, एकदा न्हाणीघराच्या बंद दाराबाहेरून. तिन्ही वेळा आतून एकच फर्मान सुटले, की मला सांगू नकोस, मला कळलं तर मी लढू शकणार नाही. मातुश्री म्हणाल्या की अरे, लढायचंच कशाला. परंतु नळ चालू होता आणि ते ऐकू गेले नाही.

सभेच्या दिवशी वकीलसाहेबांनी पेढीच्या खटल्यापेक्षा तसूभरही कमी शिकस्त केली नाही. त्यांनी बाईंचा चष्मा कोणत्या साली बदलला ते विचारिले. जिन्यात दिवा किती अंधुक ते सिद्ध केले. चौकाच्या खिडकीतून कावळे येतात हे वॉचमनच्या मुखातून वदविले. मग त्यांनी विचारिले की तसबिरीतील फळ आणि हरपले म्हणता ते फळ एकच कशावरून, आणि अखेर दोन्ही हात पसरून गर्जना केली की मुद्देमाल कोठे आहे? ज्या लिंबासाठी एका वृद्ध स्त्रीस येथे बसविले, ते लिंबू या क्षणी या भूतलावर कोठे आहे, कोणी सांगू शकेल काय?

मातुश्री पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. वकीलसाहेबांनी तो हळूच खाली केला.

बाईंस विचारिले की हरपण्यापूर्वी आपण ते फळ अखेरचे नक्की कधी पाहिले. बाई, ज्यांनी पिढ्या घडविल्या, त्या क्षणभर गोंधळल्या आणि म्हणाल्या, “आठवत नाही.” मग कमिटीच्या सेक्रेटरीने जांभई आवरून संशयाचा फायदा देऊन मातुश्रींस निर्दोष ठरविले. वकीलसाहेबांनी सवयीने मागे वळून वार्ताहर शोधिले. तेथे फक्त वॉचमन खुर्च्या रचीत होता.

परंतु या फत्तेचा परिणाम उलटा जाहला. अवघी इमारत म्हणू लागली की संशयमार्तंडांनी वकीलपत्र घेतले त्याअर्थी म्हातारीनेच लिंबू घेतले असणार, आजवर त्यांनी निरपराध माणसाचे काम घेतल्याचे कोणी ऐकले नाही. बाईंनी कुंडी उचलून आत नेली आणि दार लावून घेतले. जिन्याच्या चौकात मातीचा एक गोल डाग उरला. दुपारी मातुश्री पाण्याचा तांब्या घेऊन दार उघडीत आणि त्या डागाकडे पाहून दार लावीत. चहा त्या दोन कपांचाच टाकीत, आणि दुसरा कप तसाच निवून जाई. लिहिणारास हे लिहिताना वाईट वाटते, सबब लांबण लावीत नाही.

आणि मातुश्रींनी आणखी एक केले. त्यांनी वकीलसाहेबांचा हुकूम तंतोतंत पाळिला. एक शब्द बोलल्या नाहीत. ना “उठ,” ना “जेवलास का,” ना “डबा विसरलास.” वकीलसाहेब दोन वेळा डब्याविना कोर्टात गेले, आणि एकदा डगलाही विसरून गेले. शेवटी त्यांच्या पत्नीने, ज्या आजवर या लढाईत तटस्थ होत्या, स्वयंपाकघरात मसलत बोलावून स्पष्ट सांगितले.

“त्या तुमच्या अशील नाहीत, आई आहेत. जा आणि विचारा.”

“काय विचारू?”

“जे कधीच कोणाला विचारत नाही ते.”

 उलटतपासणीचा तर कायदाच की ज्याचे उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न करू नये. परंतु घरात शांतता ऐसी माजली होती की फ्रिजची घरघर मोठी वाटे. मग ते ओट्यापाशी गेले. मातुश्री भाजी निवडीत होत्या.

“आई, लिंबू तू घेतलंस?”

“हो.”

वकिलीच्या साऱ्या कारकिर्दीत हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकिला. तो इतका लहान असेल ऐसे त्यांस वाटले नव्हते.

“पुसताना हातात आलं. द्यायला जाणार होते. बाई घरी नव्हत्या.”

येथे थांबले असते तर अर्धी इज्जत वाचती. परंतु वकीलसाहेबांनी तोच अपराध केला, ज्यापासून ते नवशिक्या वकिलांस नेहमी परावृत्त करीत. त्यांनी एक प्रश्न जास्त विचारिला.

“मग गेलं कुठे?”

मातुश्रींनी भाजीवरून नजर न काढता सांगितले, “तू प्यायलास. बँकेच्या खटल्याच्या तारखेला. सालं ओट्यावरच टाकून गेलास.”

वकीलसाहेब स्टुलावर बसले. त्यांच्या चित्तात बचावाच्या फौजा आपोआप उभ्या राहू लागल्या. आरोपीस ठाऊक नव्हते. हेतू नव्हता. फ्रिज सामाईक आहे. सालींची रासायनिक तपासणी जाहली नाही. ऐसे एकेक मुद्दे सज्ज होऊन सलामी देत असता त्यांनी समोर पाहिले. मातुश्रींचे डोळे भरले होते आणि त्या भाजीची एकच काडी पुन्हा पुन्हा निवडीत होत्या. तेव्हा साहेबांनी आपल्या सर्व फौजा माघारी बोलाविल्या, आणि त्यांस मनापासून लाज वाटली.

मग त्याच दुपारी मोहीम निघाली. डगला नाही, कागद नाहीत, पायांत घरच्या चपला. मातुश्रींस हाताशी धरून वकीलसाहेबांनी जिन्याचा चौक ओलांडिला. अंतर पाच-सात पावलांचे, परंतु त्यांच्या उभ्या कारकिर्दीत इतकी लांब चाल जाहली नव्हती. घंटी वाजविली. दार उघडले.

“बाई, लिंबू मी प्यायलो,” वकीलसाहेब म्हणाले, आणि पुढे “परंतु” हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळिला.

 मग मातुश्रींनी सर्व हकीकत सांगितली, डॉक्टरापासून अंड्यांच्या खणापर्यंत, आणि या खेपेस कोणाचाही पंजा वर जाहला नाही. बाई म्हणाल्या, “अहो ताई, एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं ना!”

“सांगतच होते हो बाई. पण माझा वकील फार मोठा आहे.”

बाईंनी शिक्षा फर्माविली. आरोपीने रोज सकाळी झाडास पाणी घालावे, आणि आत्ताच्या आत्ता परदेशी कन्येस फोन करून गुन्हा स्वमुखे सांगावा, बचाव करू नये. वकीलसाहेबांनी तैसे केले.  मग कन्येने हळू आवाजात विचारिले, “काका, चव कशी होती?”

वकीलसाहेबांनी फार स्मरण केले. कोमट पाणी आठवले, घड्याळ आठवले, भाषणाचे पहिले वाक्य आठवले. मग ज्या दोन शब्दांवर त्यांनी आपली कीर्ती उभारिली होती तेच दोन शब्द त्यांच्या मुखातून खाली मानेने बाहेर पडले.

“आठवत नाही.”

कुंडी पुन्हा त्या गोल डागावर आली. दुपारी मातुश्रींनी पाणी घातले आणि चौक ओलांडून चहास गेल्या, आणि समोरचे दार त्यांच्यासाठी उघडेच होते. वकीलसाहेबांच्या विजयांची जी जंत्री वर्तमानपत्रे छापतात, तीत पेढीचा खटला अखेरचा म्हणून नोंदला आहे. तो तपशील चुकीचा असून येथे दुरुस्त केला असे. अखेरची आणि सर्वांत कठीण फत्ते लिंबू-मोहिमेत जाहली. आरोपी खासे वकीलसाहेब, गुन्हा कबूल, शिक्षा चालू, आणि फत्ते मातुश्रींची.