तिसऱ्या मजल्यासाठी बेचाळीस किलोमीटर

वृद्धाश्रमाच्या लिफ्टची मोटर एका मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता जळाली आणि संध्याकाळी पाचपर्यंत तिची रीतसर नोंदही झाली. नोंदीत लिहिलं होतं की लिफ्ट 'तात्पुरती स्थिर' आहे. बंद पडली असं कोणी लिहिलं नाही. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करावी लागते. स्थिर वस्तूला तशी घाई नसते.

आश्रमात बायका तळमजल्यावर राहत आणि पुरुष तिसऱ्या मजल्यावर. मधल्या दोन मजल्यांवर कार्यालय आणि सभागृह. संस्थेच्या घटनेतच तसं होतं, आणि घटना लिहिणारे सगळेजण आता सभागृहाच्या भिंतीवर फोटोत जाऊन बसले असल्यामुळे ती बदलायला कोणाची परवानगी घ्यावी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

या घटनेप्रमाणे कंडक्टरकाका तिसऱ्या मजल्यावर होते आणि त्यांची बायको, म्हणजे काकी, तळमजल्यावर. काकांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणंही गेलं होतं, पण चौतीस वर्षं बसमध्ये उभ्याने म्हटलेली दोन वाक्यं तेवढी जिभेवर चिकटून राहिली होती: "पुढे सरका" आणि "सुट्टे द्या." काकींचे गुडघे असे, की खाटेवरून खुर्चीवर येणं हाच त्यांचा प्रवास. लिफ्ट चालत होती तोवर मावशी रोज चारच्या चहाला काकांची चाकाची खुर्ची खाली आणायची. मग दोघं दाराजवळच्या बाकापाशी दोन तास बसायचे. काकी त्यांची नखं कापायच्या, कॉलर नीट करायच्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या चहाड्या सांगायच्या. काका म्हणायचे, सुट्टे द्या. झाला संसार.

मावशी ही दोन्ही मजल्यांचं करणारी बाई. वय पंचावन्न, पण ऐंशीच्या म्हाताऱ्यासुद्धा तिला मावशीच म्हणत. लिफ्ट स्थिर झाल्यापासून सहासष्ट पायऱ्या ती दिवसातून दहादा चढत-उतरत होती आणि जाताना काकींचे निरोप नेत होती. कोपरांना तेल लावलं का विचार. रात्री कूस कोण बदलतं विचार. वरून उत्तर एकच यायचं, पुढे सरका. ते काकींना कसं सांगायचं, म्हणून मावशी जिना उतरता उतरता पदरचं काहीबाही जुळवायची. त्यांनी तुमची आठवण काढली, म्हणाले तुमच्या हातची सर कोणाच्या हाताला नाही. काकी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई गं, पन्नास वर्षांत हा माणूस एवढं गोड बोलला नाही. तू आपली खरं सांग, जेवले का तेवढं."

लिफ्टवाला दुसऱ्याच दिवशी येऊन बघून गेला होता. नवी मोटर आणि दोन दिवसांचं काम, असं त्याचं म्हणणं. एवढ्या साध्या म्हणण्यावर कार्यकारिणीचा विश्वास बसला नाही. बैठक झाली. देणगीदारांना फोन करावा असं खजिनदारांनी सुचवलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या की हात पसरून आणलेल्या लिफ्टमध्ये बसणाऱ्याचा आत्मसन्मान राहत नाही. बैठकीला त्यांचे जावई आले होते. ते सभासद नव्हते, पण जावई होते. ते रोज पहाटे धावत आणि उरलेला दिवस त्याविषयी बोलत. त्यांनी सुचवलं, आपण लिफ्टसाठी मॅरेथॉन भरवू. पूर्ण बेचाळीस किलोमीटर.

जावयाचा शब्द कोण मोडणार? ठराव एकमताने मंजूर झाला. मॅरेथॉनला 'झेप तिसऱ्या मजल्याकडे' असं नाव दिलं गेलं.

मग सात उपसमित्या झाल्या. टी-शर्टच्या रंगावर सहा आठवडे गेले, कारण केशरी रंगाने म्हातारपणाची मावळती सूचित होते असं एका गटाचं मत पडलं, आणि हिरवा रंग अध्यक्षबाईंना शोभत नव्हता. पदकावर लिफ्टचं चित्र असावं की नसावं, यावर तज्ज्ञ बोलावला गेला. त्याने असावं म्हणून सांगितलं, पण दार उघडं दाखवू नये, म्हणाला. उद्दिष्ट आधीच गाठल्यासारखं वाटतं. या सगळ्या काळात मावशी दर सोमवारी कार्यालयात जाऊन मोटरचं विचारायची, आणि दर सोमवारी तिला सांगितलं जायचं की मोटरचं काम जोरात चालू आहे, कालच बुटांच्या कंपनीशी बोलणं झालं.

चौथ्या महिन्यात लिफ्टवाला आपणहून आला. एक जुनी इमारत पाडली जात होती, तिची मोटर त्याला मिळाली होती. जुनी, पण धडधाकट. त्याची स्वतःची आई असल्याच एका जिन्याच्या वर अडकून वारली होती, म्हणून त्याला पैसे नको होते. दोन दिवस द्या, तो म्हणाला, चालू करून देतो.

मावशी धावतच कार्यालयात गेली. तिथे अध्यक्षबाई आणि जावई नकाशावर धावण्याचा मार्ग आखत बसले होते. तिचं बोलणं ऐकून दोघांच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती मोटर जळाली तेव्हाही आली नव्हती.

जावयांनी तिला खुर्ची दिली. हा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता, तेव्हाच तिने ओळखलं की काम होत नाही.

"मावशी," ते समजुतीने म्हणाले, "बाराशे लोकांनी नावं नोंदवलीत. लिफ्ट बंद आहे म्हणून ते पहाटे चारला उठून सराव करतायत. आता ती चालू केली तर त्यांनी धावायचं कशासाठी? ही सरळसरळ फसवणूक होईल."

"पण धावायचं ते लिफ्ट चालू व्हायलाच ना?"

"बरोबर. धावल्यावर. आधी नव्हे."

अध्यक्षबाईंनी डोळे मिटून मान हलवली. एका मोटरसाठी बाराशे माणसांचा विश्वास मोडता येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी पत्रक निघालं. 'उद्दिष्ट-संरक्षण' या विषयाखाली त्यात लिहिलं होतं की कार्यक्रम होईपर्यंत कोणीही परस्पर, विनामूल्य अथवा भावनेच्या भरात लिफ्ट दुरुस्त करू नये. लिफ्टसमोर एक वॉचमन बसवण्यात आला. आयुष्यभर त्याने चोरांपासून वस्तू राखल्या होत्या; दुरुस्तीपासून राखायची ही पहिलीच वेळ. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण मावशीने ऐकली होती, पण पखालीवर पहारा बसलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

शर्यतीचा दिवस उजाडला. लाभार्थी म्हणून काकींना पहाटे पाच वाजता अंघोळ घालून, तीन मापं मोठा टी-शर्ट चढवून फाटकापाशी खुर्चीत बसवलं. काकांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून झेंडा दाखवायचा असं ठरलं होतं. काकींना बाकी कशाचं काही नव्हतं. खिडकी समोरच आहे आणि ते तिथे बसणार आहेत, एवढंच त्यांच्या ध्यानात होतं. आठ महिन्यांनी तोंड दिसणार म्हणून त्यांनी मावशीकडून चष्मा दोनदा पुसून घेतला.

पावणेसहाला बुटांच्या कंपनीने आपली हवा भरलेली कमान उभी केली. दोन मजले उंच, निळी, तिच्यावर भला थोरला बूट. तो बरोबर खिडकीच्या आड आला. मावशीने कमान जरा बाजूला घेता येईल का विचारलं. करारात कमानीची जागा ठरलेली आहे, असं तिला सांगण्यात आलं. खिडकीची ठरलेली नव्हती.

वरून झेंडा पडला. बुटाच्या टाचेमागून कुठूनतरी "पुढे सरका" असा बारीक आवाज आला, आणि बाराशे लोक टाळ्या वाजवत पुढे सरकले. काकी बुटाकडे बघत राहिल्या.

दुपारी सगळे पोचले, पदकं घातली गेली, भाषणं झाली. अंगणात घामेजलेली, धडधाकट, स्वतःवर बेहद्द खूश असलेली माणसं पाय ताणत पडली होती. मावशीला वाटलं, एवढे हात आयुष्यात पुन्हा एका जागी सापडायचे नाहीत. ती एकेकाला विचारत फिरली. चार माणसं हवीत. तीन मजले. एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट खाली आणायचंय, दहा मिनिटांचं काम.

ऐकून सगळ्यांना फार वाईट वाटलं. एकजण तर रडलाच. पण शर्यतीनंतर अठ्ठेचाळीस तास वजन उचलायचं नसतं. दुसऱ्याच्या प्रशिक्षकाने जिना उतरायला मनाई केली होती. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. तिसरी बाई म्हणाली, "मावशी, मी त्यांच्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावलेय. आता अजून काय करू?" मावशी पुढच्याकडे वळली.

महिनाभराने अहवाल आला. कार्यक्रम कल्पनेपलीकडे यशस्वी झाला होता. शहात्तर टक्के धावपटूंनी पुढल्या वर्षीही याच कार्यासाठी धावायची इच्छा दर्शवली होती. त्याच सुमारास पलीकडच्या एका आश्रमानेही मॅरेथॉन भरवली, पण त्यांची लिफ्ट चालू असल्यामुळे कुत्रंही फिरकलं नाही. हे ध्यानात घेऊन कार्यकारिणीने जमलेला निधी पुढल्या वर्षीच्या पूर्वतयारीसाठी राखून ठेवला आणि लिफ्टला 'प्रेरणास्थान' म्हणून मान्यता दिली. तिच्या दारावर काच बसली.

त्या दिवशी मावशी कार्यालयात गेली नाही. स्वयंपाक्याला हाक मारली. लिफ्टवाल्याला बोलावलं. मग वॉचमनसमोर जाऊन उभी राहिली.

वॉचमनने खिशातलं पत्रक काढून पुन्हा वाचलं. तो नियमाचा माणूस होता.

"मला लिफ्टवर नजर ठेवायला सांगितलंय," तो शेवटी म्हणाला. "जिन्याचं मला कोणी काही बोललेलं नाही." आणि त्याने बाह्या वर केल्या.

चौघांनी मिळून काकांना खाली आणलं. प्रत्येक वळणावर टेकत टेकत पाऊण तास लागला. चौघांतल्या कोणीही कधी धावलेलं नसल्यामुळे उचलू नये हे त्यांना माहीत नव्हतं.

काकींनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. मग हात लांब करून त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "कानाखाली दाढी राहिलीय. कोण करतं यांची?"

"सुट्टे द्या," काका म्हणाले, आणि डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. नखं वाढली होती. काकींनी मावशीला कात्री आणायला पाठवलं, आणि मावशीने ती शोधायला मुद्दाम अर्धा तास लावला.

तळमजल्यावर पुरुषाने राहू नये, असं घटनेत होतं. पण फाटकाजवळची वॉचमनची खोली नकाशात इमारतीबाहेर धरलेली होती. काका तिथे राहू लागले. काकींची खुर्ची सकाळ-संध्याकाळ तिथवर ढकलत नेता यायची. असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी पुढल्या वर्षीच्या फलकासाठी फोटो काढणारा आला, खिडकीत बघतो तर खिडकी रिकामी.

पत्रक दुपारीच निघालं. 'लाभार्थी मूळ जागी नसल्याने उद्दिष्टास बाधा पोचली असून त्यांस त्वरित पूर्ववत करावे.'

मावशीला यावेळी भीती वाटली नाही. तिने सरळ सांगितलं, आम्ही चौघं काही त्यांना वर नेणार नाही, कामावरून काढा. खाली आणायला बाराशेंतला एक मिळाला नव्हता, वर न्यायला कोण मिळतोय, असा तिचा हिशेब होता. आयुष्यभर तिचे हिशेब बरोबर आले होते.

जावयांनी धावपटूंच्या ग्रुपवर एक निरोप टाकला. अर्ध्या तासात एकतीस जण हजर झाले. जिना चढल्याची नोंद मनगटावरच्या घड्याळात होते. सहासष्ट पायऱ्या, तेही माणसाचं वजन घेऊन. असा चढ गावात दुसरीकडे कुठे मिळतो? चार-चारच्या तुकड्या पडल्या. प्रत्येक मजल्यावर तुकडी बदलायची असं ठरलं. वर पोचले तेव्हा एकोणीस जण राहूनच गेले होते. ते हिरमुसले. मग त्यांच्यासाठी काकांना पुन्हा खाली आणलं, जवळजवळ तळापर्यंत, शेवटच्या सहा पायऱ्या ठेवून, आणि तिथून परत वर नेलं. असं दोनदा केलं. कोणाच्या गुडघ्याला काही झालं नाही.

त्या सहा पायऱ्यांखाली काकींची खुर्ची होती. मावशी मागे दांडे धरून उभी होती. दोन्ही वेळा काकींनी हात वर केला आणि दोन्ही वेळा तो कठड्यापर्यंतच पोचला.

फोटो दुसऱ्या खेपेचा आहे, तो सगळ्यांत छान आला. चार तरणीताठी माणसं घामाने डबडबलीत, खांद्यावर खुर्ची, आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा डावा हात कठड्याबाहेर खाली लांबवलेला, जणू आशीर्वाद देतायत. फोटो चौकोनात बसवताना खालची कड कापावी लागली, त्यामुळे तो हात कोणाकडे होता ते काही दिसत नाही.

तुमच्याकडेही आला होता तो. डोळ्यांत पाणी आलं, असं तुम्ही त्याच्याखाली लिहिलंयत.