जोएल उजगरे यांचा सूर हटवण्याबाबत

जोएल उजगरे यांनी जुन्या बाजारतळावर लावलेला सूर नऊ वर्षं झाली तरी संपला नव्हता, म्हणून नगरपरिषदेने त्याला अतिक्रमण ठरवलं.

सूर तसा कोणाच्या वाटेत नव्हता. पाण्याच्या टाकीच्या कठड्यापासून बंद पडलेल्या सहकारी भांडाराच्या पत्र्यापर्यंत तो दोन पुरुष उंचीवरून आडवा गेला होता. दिसायचा नाही. पण खालून जाताना ऐकू यायचा, आणि शिडी लावून हात वर केला तर हाताला लागायचा. किंचित कोमट होता. उन्हाळ्यात मधोमध झोळ यायचा, तेव्हा चाहते खालून बांबूचे टेकू देत. पावसाळ्यात त्याचा घसा बसे, म्हणून वर ताडपत्री बांधत.

उजगरे हे रॉक गायक. गाणी स्वतः लिहायचे, चाली स्वतः लावायचे, गिटार स्वतः वाजवायचे. त्यांची एकच कॅसेट निघाली, ‘भाडेकरू’. ती रेडिओवर कधी लागली नाही आणि मोठ्या शहरात कोणाला ठाऊक नव्हती. पण ज्यांनी ऐकली ते कामातून गेले. याकूब अत्तार यांनी आपल्या पंक्चरच्या दुकानाला ‘भाडेकरू’ नाव दिलं. जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती, तरी दिलं.

नऊ वर्षांपूर्वी बाजारतळावर त्यांचा कार्यक्रम झाला, त्यात शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला वीज गेली. ओळ होती, ‘मी हलणार नाही’. गिटार गप्प झाली, माइक गप्प झाला. उजगरे यांनी ‘नाही’मधला ‘ही’ तसाच लांबवला. वीज आली की थांबू, असा त्यांचा विचार असावा. वीज आली नाही. लोक वाट बघून जेवायला गेले. शेवटी उजगरेही स्टेजवरून उतरले आणि बहिणीकडे, नदीपलीकडच्या गावी निघून गेले. सूर मागे राहिला.

मीनाक्षी टोणगे पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. नवरा म्हणाला, “चल आता.” त्या म्हणाल्या, “गाणं संपू दे.” नवऱ्याने स्कूटर बराच वेळ चालू ठेवली, मग बंद केली, मग तो घरी गेला. पुढे तो तिथेच डबा आणून देऊ लागला. समजूतदार माणूस होता.

सुराची देखभाल कशी करायची हे हळूहळू ठरत गेलं. ऐकणारा कोणी नसला की सूर बारीक होत जातो, हे लक्षात आल्यावर चाहत्यांनी पाळ्या लावल्या. नियम एकच होता. सुराजवळ कोणी गायचं नाही. गुणगुणायचंही नाही. शिट्टी वाजवणाऱ्याला बाजारतळाबाहेर नेऊन सोडत. सूर मुळातच जरासा उतरलेला होता आणि शेजारी कोणी नीट गायलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

मग नगरपरिषदेने त्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचं ठरवलं. नकाशात पाहिलं तर सूर पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यांमधून आरपार जात होता. नोटीस निघाली. ती सुरावर चिकटेना, म्हणून टेकूच्या बांबूवर डकवली.

सुनावणीला मीनाक्षीबाई आणि याकूबभाई गेले. मुख्याधिकारी परांडेकर हे तरुण आणि सौम्य गृहस्थ होते. त्यांनी दोघांना चहा दिला.

“सुराला आमचा विरोध नाही,” ते म्हणाले. “जागेचा प्रश्न आहे. तुम्ही तो हलवा. कचरा डेपोच्या मागे मोकळी जागा आहे, ती आम्ही देऊ.”

“हलवता येणार नाही,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

“का?”

“गाण्यात तसं म्हटलंय.”

परांडेकरांनी टिपणीत तसं लिहून घेतलं. “आणखी एक. तक्रारी आहेत. सार्वजनिक जागेत सतत नकार ऐकू येतो, असं काही सदस्यांचं म्हणणं आहे. सर्वसाधारण सभेत ठराव मांडला की खिडकीतून ‘ही’ ऐकू येतो आणि सभागृहाला वाटतं, कोणीतरी नाही म्हणतंय.”

“सभेत कुणी तरी नाही म्हणाया पाहिजेच की, साहेब,” याकूबभाई म्हणाले.

परांडेकरांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांनी कायदा समजावून सांगितला. सुराचा धनी सूर लावणारा. चाहत्यांना त्यात हक्क नाही. तेव्हा उजगरे यांना बोलवायचं आणि त्यांनी स्वतः येऊन सूर रीतसर संपवायचा. ते न आल्यास नगरपरिषद आपल्या खर्चाने तो उतरवील.

“आणि खरं सांगू का,” परांडेकर म्हणाले, “यात त्यांचाच फायदा आहे. तुम्ही त्यांना भेटलात का इतक्यात?”

दोघेही भेटले नव्हते. सुराजवळ कोणीतरी लागायचं.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीबाई नदीपलीकडे गेल्या. उजगरे बहिणीच्या अंड्यांच्या दुकानात बसले होते. एकेक अंडं बल्बसमोर धरून बघत होते आणि खराब निघालेलं बाजूला ठेवत होते. केस पांढरे झाले होते. छाती आत गेली होती. ते बोलायचे ते तुटक, दोनतीन शब्दांत, जसं पळत आलेला माणूस बोलतो.

“टोणगे मॅडम ना?” ते म्हणाले. “पहिल्या रांगेत होता.”

नऊ वर्षं मीनाक्षीबाईंनी मनात या माणसाशी बोलणं केलं होतं. “तब्येत बरी आहे का, दादा?” एवढंच त्यांनी विचारलं.

“श्वास नाही,” उजगरे म्हणाले. “म्हणजे जगण्यापुरता आहे. गाण्यापुरता नाही. तो तिकडे अडकलाय.”

त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. एक सूर चालू असताना दुसरा घेता येत नाही, हे संगीताच्या पहिल्या परीक्षेला शिकवतात. चाहत्यांनी त्याचा या बाजूने कधी विचार केला नव्हता, इतकंच.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही गायलाच नाहीत?”

“गाणी होतात. लिहून नाही ठेवत. इथे असतात.” त्यांनी गळ्याला हात लावला. “रांग लागलीय.”

मीनाक्षीबाई स्टुलावर बसल्या. ताडपत्री, टेकू, पाळ्या, नवऱ्याचे डबे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण एक सूर सांभाळला आणि त्याखाली सगळी गाणी दाबून धरली, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांचा चेहरा उतरला.

“संपवून टाका, दादा,” त्या शेवटी म्हणाल्या. “परवा ते क्रेन घेऊन येतायत. त्याआधी तुम्हीच संपवा. आम्ही काही म्हणणार नाही. मी सगळ्यांना सांगते.”

उजगरे यांनी हातातलं अंडं खाली ठेवलं.

“संपवायचा नाहीये मला,” ते म्हणाले. “श्वास घ्यायचाय. दोन्हींत फरक आहे. हलणार नाही म्हणून गायचं. आणि परिषदेने हल म्हटलं की हलायचं. मग गाणं कशाला लिहिलं?”

“मग काय करायचं?”

“मी श्वास घेईस्तोवर कोणीतरी धरा.”

“आम्ही?” मीनाक्षीबाई दचकल्या. “आम्ही गात नाही, दादा. ऐकणारी माणसं आहोत. मला तर शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला सांगायचे.”

“नऊ वर्षं ऐकताय,” उजगरे म्हणाले. “अजून पाठ झाला नाही?”

क्रेन आली तेव्हा बाजारतळ भरला होता. चाहते होते, बघे होते, आणि सुराचं काय होतं यावर आपलं गिऱ्हाईक अवलंबून आहे असं मानणारा भेळवाला होता. याकूबभाईंनी कामगारांना टेकू काढू दिले नाहीत. ते बांबूंना मिठी मारून उभे राहिले. कामगारांनीही फार जोर केला नाही. त्यांतले दोघे ‘भाडेकरू’ ऐकून मोठे झाले होते.

क्रेनचा आकडा सुरात अडकवला गेला आणि ओढ सुरू झाली. सूर ताणला, तसा तो चढत गेला. भांडाराचे पत्रे थरथरू लागले. समोरच्या दवाखान्यात औषधाच्या बाटल्या किणकिणल्या. सूर तुटला नाही. क्रेनची मागची चाकं हळूच जमिनीवरून उचलली गेली आणि चालक आत बसून “साहेब, साहेब” असं ओरडू लागला.

“खाली घ्या!” परांडेकर म्हणाले. चाकं टेकली. त्यांनी घाम पुसला आणि उजगरेंकडे वळले. ते बहिणीचा हात धरून शिडीपाशी उभे होते. “उजगरे साहेब, आपण सूर संपवावा, ही विनंती. सक्तीची विनंती आहे.”

उजगरेंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मॅडम,” ते म्हणाले, “घ्या.”

मीनाक्षीबाईंनी पदर खोचला आणि त्या शिडीवर चढल्या. आजवर पाळलेला नियम मोडणार होता आणि मोडणारी बाई तो सर्वांत कडक पाळणारी होती. त्यांनी एक हात सुरावर ठेवला आणि तोंड उघडलं.

आधी काहीच आलं नाही. मग वर्गात बाक सरकवल्यासारखा आवाज आला. भेळवाला हसला आणि लगेच गप्प झाला, कारण सूर गचकन खाली आला होता. तो लोकांच्या डोक्यांना लागला. पुढच्यांनी हात वर करून तो पेलला. याकूबभाईंनी बांबू घुसवला. मीनाक्षीबाईंनी डोळे मिटले आणि आणखी मोठ्याने लावला. आता त्या गात आहेत असं कोणी म्हटलं नसतं. त्या भांडत होत्या. पण सूर थांबला, सावरला, आणि जागेवर आला. पहिल्यापेक्षा जास्तच उतरलेला होता.

तेव्हा उजगरेंनी श्वास घेतला.

तो बराच वेळ चालला. जमिनीवरचा पाचोळा त्यांच्याकडे सरकला. ताडपत्री आत ओढली गेली. परांडेकरांच्या हातातला आदेश फडफडला. आत गेलेली छाती भरत भरत सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत आली. मग त्यांनी नवं गाणं सुरू केलं. गिटार नव्हती, माइक नव्हता. ते पहिल्या ओळीलाच असं काही होतं की क्रेनचालक इंजिन बंद करून खाली उतरला.

परांडेकर मात्र कर्तव्यावर होते. ते शिडीखाली गेले. “टोणगे मॅडम, आता हा सूर आपला समजायचा का?”

मीनाक्षीबाईंना उत्तर देणं शक्य नव्हतं.

“त्यांच्या तोंडात हाय, म्हंजे त्यांचाच की,” याकूबभाई म्हणाले.

परांडेकरांनी कागद पुन्हा वाचला. “आदेश उजगरेंच्या नावे आहे. टोणगेंचं बांधकाम उजगरेंच्या आदेशावर पाडता येत नाही. नवी नोटीस काढावी लागेल.” त्यांनी शिपायाला कार्यालयात पिटाळलं. परिषद हाकेच्या अंतरावर होती. शिपाई नोटीस घेऊन येताना दिसला, तसे याकूबभाई शिडीवर चढले, मीनाक्षीबाईंच्या शेजारी तोंड नेलं आणि सूर आपल्याकडे घेतला. मीनाक्षीबाई खाली उतरल्या.

“नोटीस,” शिपाई म्हणाला.

“माझ्याकडे काही नाही,” मीनाक्षीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “झडती घ्या.”

परांडेकर एकदा याकूबभाईंकडे आणि एकदा जमलेल्या लोकांकडे बघत राहिले. बराच जमाव होता आणि प्रत्येकाला तोंड होतं. “म्हणजे आम्ही नोटीस काढेपर्यंत सूर दुसऱ्याकडे जाणार,” ते म्हणाले.

“दिसतंय तरी तसंच,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

“हे नियमाला धरून आहे,” परांडेकर जरा खिन्नपणे म्हणाले, आणि शिपायाला अत्तार यांच्या नावे टाइप करायला परत पाठवलं.

तेवढ्यात गाणं संपलं. आजूबाजूची माणसं डोळे पुसत होती. एक म्हातारा जमिनीवर बसून आपल्याच गुडघ्यांवर थापा मारत होता. तेव्हा मीनाक्षीबाईंच्या ध्यानात आलं की आपण एक शब्दही ऐकलेला नाही. तोंडात सूर असला की कानात दुसरं काही शिरत नाही. नऊ वर्षांनी आलेलं गाणं सगळ्या गावाने ऐकलं होतं. फक्त त्यांनी नाही.

त्या उजगरेंपाशी गेल्या. “दादा, मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाल?”

उजगरेंचा चेहरा टवटवीत झाला होता. आवाजही भरदार झाला होता. “मी म्हटलेलं पुन्हा म्हणत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे ते.”

ठाऊक होतं. याच गोष्टीसाठी तर त्यांना तो माणूस आवडायचा. मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, आणि रागाने त्यांना बरं वाटलं.

“मग पुढचं म्हणा,” त्या म्हणाल्या.

त्या सर्वांत पुढे जमिनीवर बसल्या. उजगरेंनी दुसरं गाणं सुरू केलं. ते एका बाईचं गाणं होतं, जी रोज सकाळी उठून स्वतःच्या घराचं दार बाहेरून ठोठावते. पहिलं कडवं झालं. मीनाक्षीबाईंचे ओठ उघडे राहिले. दुसऱ्या कडव्यात चाल अशी वळली की त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला. आत्ता ती बाई दार का ठोठावते ते कळणार होतं.

त्याच वेळी शिपाई कोपऱ्यावर दिसला. हातात कागद होता. शिडीवर याकूबभाईंचा चेहरा लाल झाला होता आणि ते डोळ्यांनी खाली कोणाला तरी शोधत होते. मीनाक्षीबाईंनी मागे वळून पाहिलं. सगळे गाण्यात बुडाले होते. कोणाचंही शिडीकडे लक्ष नव्हतं, आणि कोणाला हलवावं असं त्यांना वाटेना.

त्या उठल्या, शिडी चढल्या आणि त्यांनी सूर घेतला.