यापैकी नाही

आमच्या शेजारच्या सुरेखाआक्काला गणितातल्या माणसांचंसुद्धा गाव लागतं. खरंच! 'ए हा बीचा भाऊ आहे' असं वाचलं की आधी विचारते, "कुठली गं ही? बोरगावची का गळतग्याची?" माणसं ओळखल्याशिवाय उत्तर न्हाय!

एमसीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास आम्ही दोघी मिळून करतो, निपाणीत, क्लास सुटला की तिच्याच घरात. मी नुकतीच डिग्री झालेली, ती पस्तिशीला टेकलेली. बाकी सगळं येतंय तिला, लॉजिकल रीझनिंग आलं की घोडं अडतंय. पण हटेल तर आक्का कसली! "सीट घेणार म्हंजे घेणार," हे दर चहाला.

गोल टेबलाभोवती माणसं बसवायचा प्रश्न आला, तर हिनं घरातलीच बसवली. तिचे वडील, आप्पा, झाले सी. त्यांची पाठ नेमकी टीव्हीकडं.

"सुरेखा, मला डी कर की गं. डीला मॅच दिसालीय!"

"आप्पा, हलू नका! उत्तर चुकतंय!"

बिचारे सी मान वळवून बसले. उत्तर मात्र बरोबर आलं!

नात्यांच्या प्रश्नात तर ती क्लासच्या सरांनाच गप करायची. 'वडिलांच्या बहिणीचा मुलगा तुमचा कोण?' पर्यायात आतेभाऊ असायचा, ही दरवेळी 'यापैकी नाही'वर टिक करायची.

"सर, आमच्यात त्याला नवरा म्हणत्यात!"

अख्खा क्लास लोळायचा. खोटं न्हवतं ते. तिचं लग्न आत्याच्याच मुलाशी झालंतं, येळ्ळूरला. मग ती माहेरी आली ती आलीच. कुणी विचारलं की म्हणायची, "अभ्यासाला आलोय."

"मॅडम, मार्क जातोय," सर म्हणायचे.

"जाऊ दे. खोटं लिहिणार न्हाय."

काल सराव पेपरात परत तोच प्रश्न. मी हसायच्या तयारीत. आक्कानं पेन टेकवलं, थांबली, आणि 'आतेभाऊ'वर टिक केली.

"अगं आक्का, आज कसं काय?"

"सकाळी चिकोडीच्या कोर्टात जाऊन आलो, आप्पा नि मी. मोकळी झाले बघ." मग पेपराकडं बोट करून, "बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय."

ती पेनाचं टोपण नुसतं काढत-घालत बसली.

"आत्या तरी आत्याच ऱ्हातीय न्हवं गं? लहानपणापासनं लई लाड केल्यात तिनं माझे."

"तिला कुठलं कोर्ट काय करतंय!"

"मग सीट मिळाली की पहिला फोन तिला." पदरानं डोळं पुसलं. "वाच पुढचा."