गाडी नुसती बघून येऊ

"बाबा पास म्हणाले तर घे," बायको इस्त्री फिरवत म्हणाली. "बाबांनी पास केलेल्या गाडीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण नापास म्हणाले, तर पुन्हा या घरात तिचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार बिचारा?

सतरा वर्षं तो त्या एका मॉडेलसाठी झुरत होता. दातांच्या कवळ्या बनवायचा त्याचा कारखाना म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक घासायचं यंत्र. यंत्राच्या वर भिंतीवर त्या गाडीचा फोटो. लाल, दोन दारांची, बसकी. आणि आता तीच गाडी जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत निघाली होती. नुसती तीच नव्हे, तर पहिल्या मालकाने हौसेने नटवलेली. जमिनीला टेकायचीच बाकी राहील इतकी खाली आणलेली, मागे डिकीवर हा एवढा पत्र्याचा पंख, आत रेसची सीट. जाहिरातीच्या शेवटी लिहिलं होतं, 'आवाज फोनवर ऐकवला जाईल'. याने तो तीनदा ऐकला, आणि त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं कवळी टोचते म्हणून परत आली.

राहता राहिले बाबा, म्हणजे सासरे. चौतीस वर्षं बसडेपोत तपासणीच्या खड्ड्यावर फोरमन. हयात खड्ड्यात उभं राहून गाड्या खालून बघण्यात गेलेली, त्यामुळे माणूस भेटला तरी त्यांची नजर आधी त्याच्या चपलांवर जायची. अशा माणसाला ती गाडी पसंत पडणार कशी, या काळजीने जावयाला शनिवारी जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी सासरे खाकी डगला चढवून, हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर.

"बाबा, नुसती बघून यायचीय हो गाडी."

"बघायला डोळे पुरतात, जावईबापू. दिसायला पाना लागतो."

बायकोच्या नऊ वर्षं जुन्या राखाडी गाडीतून दोघं निघाले. विकणारा होता एक केमिस्ट. हळू बोलणारा, चष्मेवाला, पन्नाशीचा गृहस्थ. एवढ्या मवाळ माणसाची ही एवढी दांडगी गाडी, हे जावयाला खरंच वाटेना. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती.

"का विकताय?" सासऱ्यांनी चाकांकडे बघत विचारलं.

उत्तर पायरीवरून आलं. केमिस्टची बायको तिथे उभी होती. "मला तिच्यात बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही म्हणून! प्रत्येक गतिरोधकाला मला खाली उतरवतात हे. गाडी पुढे नेतात, मी मागून चालत येते. बाजारात जाऊन यायचं तर निम्मी वाट माझी पायीच."

केमिस्टने चष्मा पुसला.

सासरे खाली वाकले, मग गुडघ्यावर आले, मग सपशेल आडवे झाले. "काही दिसत नाही. दोन बोटं जागा नाही खाली." जॅक घालायला गेले, तर जॅकच आत जाईना. शेवटी फळ्या टाकून चाकं वर चढवली, तेव्हा कुठे त्यांचं डोकं आत शिरलं. आतून आवाज आला, "या स्प्रिंगांची उंची फिरवून बदलते वाटतं?"

"हो, पण फिरवू नका," केमिस्ट म्हणाला.

"फिरवली," आतून आवाज आला. "त्याशिवाय बघू कसं?"

अर्ध्या तासात गाडी चार बोटं वर आली. जावयाने घाईघाईने सांगितलं, "पुन्हा खाली करता येते. सोपं असतं ते." केमिस्टने मान डोलावली, पण त्याचा चेहरा उतरला होता.

मग इंजिन चालू केलं. पत्रा थडथडला, शेजारच्या तीन खिडक्या फटाफट बंद झाल्या. जावयाचे डोळे भरून आले. सासरे ओरडले, "बंद करा! इंजिन काय म्हणतंय ते ऐकूच येत नाही. मूळचा सायलेन्सर आहे का?"

"नाही हो," केमिस्ट म्हणाला.

"आहे की!" त्याची बायको म्हणाली. "माळ्यावर. सगळं जपून ठेवलंय मी, एक दिवस उपयोगी पडेल म्हणून." आणि ती विशीतल्या पोराला लाजवील अशा चपळाईने शिडी घेऊन आली.

सायलेन्सर बदलला. इंजिन आता इतकं हळू चालू लागलं, की ते चालू आहे का बंद हे बघायला जावयाला वाकावं लागलं. "बाबा," तो कानाशी लागून म्हणाला, "आपण तपासायला आलोय. पास का नापास, एवढंच सांगा ना."

सासऱ्यांनी पाना खाली ठेवला. "नापास? आमच्या खड्ड्यावर नापास हा शब्दच नव्हता. नापास करून गाडी उभी ठेवली, तर उद्या प्रवाशांना न्यायला कोण, तुम्ही येणार? खोट दिसली की काढायची, पास करायची आणि बाहेर सोडायची. गाडी पास झाल्याशिवाय फोरमन घरी जात नाही."

चौदा वर्षं तो या माणसाचा जावई होता, आणि हे त्याला आज कळत होतं. पण पास करणं त्यांच्याच हातात होतं. त्याने बॅटरीचा उजेड धरला.

मग सासरे आत बसले, आणि बसले ते बसलेच. रेसच्या सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा, सासऱ्यांची कंबर चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली. पुढे सरकेनात, मागे सरकेनात. केमिस्टने हात ओढला, जावयाने पाय ओढला.

"ओढू नका, मी काय चाक आहे?" सासरे शांतपणे म्हणाले. "सीटचे चार बोल्ट काढा. तेराचा पाना. डावीकडचा मागचा आधी."

सीटसकट सासऱ्यांना दारातून बाहेर काढून अंगणात ठेवलं. तिथेच बसून, सीट कमरेला तशीच अडकलेली असताना, त्यांनी पुढची सूचना दिली, "आता मूळची सीट आणा."

मूळची सीट बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर होती. केमिस्टची बायको सहा वर्षं तिच्यावर बसून मालिका बघत होती. तिने ती स्वतः उचलून आणली, आणि एका हिसक्यात सासऱ्यांना रेसच्या सीटमधून सोडवलं.

मागचं काही दिसत नाही म्हणून पंख उतरला. त्याची चार भोकं उरली, ती केमिस्टच्या दुकानातल्या बाटल्यांच्या रबरी बुचांनी बंद झाली. ती बुचं खुद्द केमिस्टने बसवली.

"चला, फेरी मारू," सासरे म्हणाले. पुढे केमिस्टची बायको बसली. सहा गतिरोधक लागले, ती एकदाही उतरली नाही. परत आल्यावर दार उघडून, कुणाचाही हात न धरता, ती बाहेर आली. जावई बघत राहिला. सतरा वर्षं भिंतीवर जपलेली त्याची गाडी आता एखाद्या निवृत्त मास्तरांची वाटत होती. तरीही आत इंजिन तेच होतं, लाल रंग तोच होता. आणि पंख पुन्हा बसवायला कितीसा वेळ लागतो? त्याच्या जिवात जीव आला.

सासऱ्यांनी वही काढली, चिठ्ठी लिहिली, फाडली आणि त्याच्या हातात ठेवली. 'पास.'

"घेतो मी!" जावई जवळजवळ किंचाळला.

"काय घेता?" केमिस्टची बायको म्हणाली. "विकायची कुणाला आहे? अहो, किल्ली द्या इकडे. मी बहिणीकडे जाऊन येते."

आणि ती गेली. केमिस्ट आणि जावई नुसते धुरळ्याकडे बघत राहिले. एकाची गाडी हातातून गेली होती, दुसऱ्याची घरात राहूनही गेली होती. मग केमिस्टने पंख उचलून जावयाच्या हातात दिला. "हे सगळं तुम्हीच न्या. ती परत आली की भंगारात घालील. निदान कुणीतरी नीट बघेल याच्याकडे."

राखाडी गाडीच्या टपावर पंख बांधून, मागे रेसची सीट आणि तो दणदणीत सायलेन्सर कोंबून ते घरी आले. जावई थेट जिना चढला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सासरे मात्र खालीच रेंगाळले. डेपोत सुटा भाग पडून राहिलेला त्यांना कधी खपला नव्हता.

सोमवारी सकाळी बायको कामावर जायला खाली उतरली. दुसऱ्याच मिनिटाला असा आवाज झाला, की जावई अंथरुणातून उडून खिडकीशी आला. खाली तिची राखाडी गाडी गुरगुरत होती. मागे लाल पंख, आत रेसची सीट, आणि त्या सीटमध्ये कमरेपर्यंत रुतलेली बायको.

"हे काय आहे?" ती वर बघून ओरडली.

"वायपर बघ!" तो ओरडला.

वायपरखाली चिठ्ठी होती. तिने काचेतून ती वाचली. 'पास.' वडिलांचं अक्षर ती ओळखत होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि दात आवळून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.