बाबांचं उलटं चालणं

“संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत उलटी चालायला लावतो की नाही, बघ!” चहाचा कप खाली ठेवत बाबांनी जाहीर केलं.

मुद्रितं तपासत बसलेल्या लेकीने मानही वर केली नाही. लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झाल्यापासून बाबांना माहितीपटांचं वेड लागलं होतं, आणि तेही कसले! गोगलगाईंच्या शर्यतीवर दीड तास! गुरूही असेच शोधून काढायचे. कालच्या गुरूला तर आश्रम नाही, शिष्य नाही, दाढीसुद्धा नाही! कुठल्याशा बेटावरचा तो म्हातारा एवढंच शिकवायचा, की निघताना माणसाकडे पाठ फिरवू नये. त्याच्याकडे बघत मागे मागे जावं.

लेक घरी नाक मुरडायची. ऑफिसात मात्र बाबांचे हेच किस्से हातवारे करून सांगायची. बाबांना याचा पत्ता नव्हता.

“जन्मभर वर-खाली केलं,” बाबा म्हणाले, “पुढे-मागे करायचं राहूनच गेलं!” आणि तिच्याकडे बघत ते उलटे दाराबाहेर पडले.

बाहेर शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका पाठमोऱ्या उभ्या राहून कुलूप लावत होत्या. धडक! त्यांच्या काखेतल्या बादलीतले धुतलेले कपडे जिन्याने परस्पर खाली निघाले.

“अहो, हे काय?”

“उलटं चालतोय!”

“गुडघ्यांना बरं असतं का ते?”

“माझे तर कधी दुखले नाहीत बुवा!”

झालं! बाईंनी मजल्यामजल्यावर बातमी पोचवली, आणि संध्याकाळी इमारतीतले झाडून सगळे दुखरे गुडघे गच्चीवर हजर!

“एवढे साधक!” बाबांचे डोळे पाणावले. त्यांनी सगळ्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं. “नजर समोर, पाऊल मागे!”

अख्खी रांग शिस्तीत मागे मागे गेली आणि टाकीच्या भिंतीला जाऊन चिकटली. अक्षरशः चिकटली! भिंतीला दुपारीच निळा रंग दिलेला.

“पाटी लावलीय ना, रंग ओला आहे म्हणून!” रंगारी ओरडला.

“पाटी समोरून वाचायची, आम्ही आलो मागून!” बाबा प्रसन्नपणे म्हणाले.

आरडाओरडा ऐकून लेक धावत वर आली. रंगाऱ्याने तिलाच गाठलं. “हे म्होरके कोण हो? तुमचे कोण लागतात?”

पंधरा निळ्या पाठी तिच्यासमोर होत्या.

“आमच्याच मजल्यावर राहतात,” ती म्हणाली.

बाबांनी ऐकलं. “राहतो बुवा,” ते डोळे मिचकावून म्हणाले, आणि कठडा धरून, तिच्याकडे बघत, उलटे जिना उतरले. हसू अगदी तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

सकाळी बाबा उठले नाहीत.

चार दिवसांनी सगळी इमारत भेटायला आली. रंगारीही आला होता. कोण कोणाचं लागतं हे एव्हाना त्याला कळलं होतं. त्याने नुसते हात जोडले. त्याने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“पातळाचा रंग काही निघाला नाही, बाळ,” मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या. “पण गुडघा खरंच बरा आहे!”

त्या उठल्या, बाबांच्या फोटोकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. त्यांचं बघून सगळेच उठले. फोटोकडे कोणीही पाठ केली नाही! दाराशी उभा असलेला रंगारी आपोआप सगळ्यांत आधी जिन्यात ढकलला गेला.

“अहो, माझा पाय!”

“मागे सरका ना!”

“मागेच तर सरकतोय!”

जिन्यात माणसांची मोळी झाली. लेकीला हसू फुटलं, चार दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता तिने फोटोकडे पाहिलं.

“हे माझे बाबा,” ती पुटपुटली.

जिन्यातल्या गर्दीतून मुख्याध्यापिकांचा खास वर्गातला आवाज आला, “मोठ्यानं बोल! मागच्यांना ऐकू येत नाही!”

सगळ्यांत मागे, खालच्या पायरीवर, रंगारी होता.

“हे माझे बाबा!” ती ओरडली. “माझे!”