काळ्या कानाची अमानत

श्रीपतराव गवत खायचे.

हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चेष्टा पुढे येईलच, ती माझ्या हातून सुटत नाही. पण हे मात्र डोळ्यांनी पाहिलेलं. सकाळी ओट्यावर मांडी घालून बसायचे, लसूणघासाच्या जुडीतली एक काडी उचलायची, दाताखाली धरायची, डोळे मिटून सावकाश चघळायची. मग जरा थांबायचं. आपण अजून जिवंत आहोत अशी खात्री पटली, की उरलेली जुडी सशांपुढे ठेवायची.

"काका, सशांवर विषप्रयोग कोण करणार?" मी एकदा भिंतीवरून विचारलं.

"गादी म्हटली की शत्रू आलाच, सूनबाई," ते दात कोरत म्हणाले. "खाशांच्या ताटाआधी चाखणाऱ्यानं खायचं. राजवाड्याचा दस्तूर आहे."

खासे म्हणजे दोन पांढरे ससे, त्यातल्या नराचा तेवढा एक कान काळा. लाल डोळ्यांचे, दिवसभर ओठ हलवत बसणारे. आमच्या गल्लीत यापेक्षा जास्त विचारी चेहऱ्याच्या बकऱ्या होत्या.

मी तेव्हा नवी सून होते. नागपूरची मॅट्रिक. नाकावर माशी बसू देत नसे, आणि बसलीच तर तिला दोन इंग्रजी वाक्यं ऐकवत असे. बुऱ्हाणपुरात मला देऊन माझ्या वडिलांनी बुऱ्हाणपुरावर उपकार केले आहेत, असा माझा समज होता. पुढे प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा तर मला माझं माहेरच कुणी बैलगाडीत घालून नेल्यासारखं वाटलं आणि मी दोन वेळा जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. भोपाळले काही फरक पडत नाही. भाकरी उरली तर गाईले घालू." आता नाती विचारतात, आजी, तू तरुणपणी कशी होतीस गं? मी म्हणते, सुंदर होते. बाकीचं विचारू नका.

तर श्रीपतराव. निमाडापलीकडच्या एका टिकलीएवढ्या संस्थानात ते राजवाड्याच्या बागेचे दरोगा होते. संस्थान एवढं लहान, की राजेसाहेबांना शिंक आली तर शेजारच्या संस्थानातून 'शतायुषी व्हा' ऐकू यायचं. विलीनीकरणात ते गेलं. हत्ती एक होता, तो विकला. मोर उडून गेले. राजेसाहेब मुंबईला राहायला निघाले, आणि निघताना त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, म्हणजे बाईसाहेबांनी, आपली सशांची टोपली श्रीपतरावांच्या हातात दिली. बाईसाहेब तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाच्या. "दरोगाजी, सांभाळा हं. मी न्यायला येईन," एवढं म्हणाल्या आणि मोटारीत बसल्या.

झालं. त्या एका वाक्यावर हा गृहस्थ टोपली घेऊन बुऱ्हाणपूरला आला, आमच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या, आणि राज्य चालवू लागला.

ते मूळचे ससे केव्हाच मेले होते. पण श्रीपतरावांच्या लेखी गादी रिकामी नव्हती. बाईसाहेबांच्या नराचा डावा कान काळा होता. म्हणून प्रत्येक वेतातून काळ्या डाव्या कानाचा नर तेवढा ठेवायचा, बाकीची पिल्लं लोकांना वाटून टाकायची. "जसे दिले तसेच परत गेले पाहिजेत. अमानत आहे," म्हणायचे. "राज्य खालसा झालं, सूनबाई. ससे नाही झाले."

मी पदर तोंडात कोंबून आत पळत असे.

आता सांगा, सशांचा आणि आमचा काय संबंध? पण होता. आमच्या गल्लीच्या टोकाला सरकीचं गोदाम होतं, आणि गोदामामुळे अशा घुशी होत्या, की त्यांना पाहून कुत्री बाजूला व्हायची. यावर साऱ्या जगात एकच उपाय आहे, तो म्हणजे मांजर. आणि श्रीपतरावांनी गल्लीत मांजरबंदी केली होती. कायद्यानं नव्हे. पितळी गुंड्यांचा जुना दरबारी कोट घालून ते दारात उभे राहायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "आपल्या मांजराची बदली करावी." अंगात कोट, डोक्याला पगडी आणि डोळ्यांत पाणी. कोण नाही म्हणणार? आमची मनी पोत्यात घालून केळीच्या गाडीवरून बहादरपूरला नणंदेकडे गेली. दोन सशांच्या इज्जतीसाठी अख्ख्या गल्लीनं डाळीच्या डब्यांवर पाटे ठेवले.

घुशींविरुद्ध त्यांचा स्वतःचा बंदोबस्त बघण्यासारखा होता. सशांच्या घराला ते महाल म्हणत. महालाच्या दारापुढे स्टूल टाकून काठी घेऊन बसायचे. मागच्या भिंतीला बीळ, बाजूला बीळ, जमीन नुसती मातीची, आणि हे दारात पहाऱ्यावर!

"अहो दरोगाजी," सासूबाई म्हणाल्या, "घूस खालून येते. तिले दार काय करायचं?"

"वहिनी, आपल्या गावाला एवढा कोट आहे. त्याला वेशी कशाला ठेवल्या? शत्रू वेशीनंच येतो. खालून येणं रीतीत बसत नाही."

"घुशीले सांगा मग रीत!"

मलाही शहाणपणा सुचत होताच. मी पुस्तकात वाचलं होतं की मुंगूस उंदरांचा काळ आहे. एका गारुड्याला गाठून मी मुंगूस मिळवलं आणि मोठ्या तोऱ्यात श्रीपतरावांच्या अंगणात नेऊन बांधलं. मुंगूस घुशींच्या बिळांकडे ढुंकूनही बघेना. ते सशांकडे बघत बसलं, आणि असं प्रेमानं बघत बसलं, की सासूबाईंनी चुलीवरचा तवा तसाच सोडून त्याला गारुड्याकडे परत धाडलं. मुंगूस ससेही खातं, हे बहुधा पुढच्या पानावर असावं. मी तिथवर पोचले नव्हते.

श्रीपतराव माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हेतू शुद्ध होता." मला त्याचाच जास्त राग आला.

मग एका पावसाळ्यात निरोप आला. संस्थानचा जुना मोटारवाला गावातून जाताना सांगून गेला, की बाईसाहेबांचं लग्न झालं आहे आणि दिवाळीनंतर त्या बुऱ्हाणपूरवरून आगगाडीनं जाणार आहेत. झालं, श्रीपतरावांची पगडी धोब्याकडे गेली. पण अडचण अशी, की काळ्या कानाचा नर म्हातारा होऊन उन्हाळ्यातच मेला होता. सशीण गाभण होती तेवढीच आशा. गणपतीच्या आधी ती व्याली. कान रंगायला लागले आणि दिसलं, की एका पिल्लाचा डावा कान काळा आहे. फक्त एकाचा. श्रीपतरावांनी गल्लीत मावा जिलेबी वाटली. सशाला वारस झाला म्हणून जिलेबी! मी दोनदा घेतली आणि दोनदा हसले.

तेवढ्यात गणपती बसले. आमच्याकडे एक रीत आहे. गणपती घरात असेपर्यंत उंदराला हात लावायचा नाही. देवाचं वाहन आहे. सगळे सापळे उचलून ठेवायचे. मी त्या वर्षी हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे अंधश्रद्धेवर लांबलचक भाषण दिलं, आणि घरी येऊन आमचा सापळा सगळ्यांत आधी मीच माळ्यावर टाकला. देव मॅट्रिकला भितो असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

श्रीपतराव मात्र सगळ्यांच्या पुढे गेले. त्यांनी काठी ठेवली, स्टूल उचललं आणि बिळाच्या तोंडाशी एक मोदक ठेवला.

"अहो काका, निदान पहारा तरी ठेवा!"

"तह झाल्यावर पहारा ठेवायचा? समोरच्यावर अविश्वास दाखवायचा?" त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांना तहावर खोटी सही करायला सांगत होते. "दरबारात असं कधी झालं नाही."

दरबारातल्या घुशी कदाचित सभ्य असतील. आमच्या घुशींनी मोदक खाल्ला, आणि गौरी आल्या त्या सकाळी महालाची जमीन खालून पोखरलेली सापडली. सशीण कोपऱ्यात थरथरत होती. पिल्लं नव्हती. श्रीपतराव गुडघ्यांवर बसले, सशिणीच्या पोटाखाली हात घातला, आणि त्यांच्या मुठीत एक पिल्लू आलं. कान काळा होता.

रडले वगैरे नाहीत. तडक आमच्या घरी आले, चपला काढल्या आणि आमच्या गणपतीपुढे उभे राहिले. "देवा," म्हणाले, "तहाची कलमं तुमच्या लोकांनी मोडली. आता तुम्ही खुशाल आत बसा. वाहन बाहेर उभं करा."

सासूबाईंनी भीतीनं कानांना हात लावले. मी आत जाऊन भिंतीला टेकून हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचंच असणार.

त्याच दिवशी ते कुदळ घेऊन बसले. आयुष्यभर माळ्यांना हुकूम दिलेले हात. तासाभरात फोड आले. जमीन उकरली, शहाबादी फरशा बसवल्या, सांध्यांत चुना आणि काचा भरल्या. बिळाबिळांवर सापळे लावले, गणपती उठायची वाट न बघता. आणि ते पिल्लू त्यांनी कोटाच्या आत घातलं. आईकडे दूध पिण्यापुरतं सोडायचे. एरवी बाजारात, देवळात, तापीवर आंघोळीला, सगळीकडे पिल्लू कोटात. भाजीवाल्याशी भाव करताना दोन गुंड्यांच्या मधून एक काळा कान बाहेर यायचा. लोक म्हणायचे, दरोगाजींचं डोकं फिरलं. मीही म्हणायचे. मी तर मोठ्यानं म्हणायचे.

दिवाळी झाली. पिल्लू चांगलं हाताएवढं झालं. श्रीपतरावांनी नवी टोपली आणली, आत लाल मखमल घातली. "जोडी द्यायची होती," म्हणाले, "पण सशीण आता प्रवासाला म्हातारी आहे. बाईसाहेब समजून घेतील." मी म्हटलं, काका, मीपण येते स्टेशनावर. मदत वगैरे काही नाही. मला गंमत बघायची होती.

आम्ही गावाबाहेर लालबागेत, स्टेशनावर जाऊन उभे राहिलो. गाडी आली. पहिल्या वर्गाच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. माझ्याहून थोडी लहान, केस कापलेले, काळा चष्मा. श्रीपतरावांनी कमरेत वाकून मुजरा केला. प्लॅटफॉर्मवरचे हमाल बघायला लागले.

"अय्या, दरोगाजी!" तिनं चष्मा काढला. ओळख खरी होती, आनंदही खरा होता. "किती वाळलात! घरी सगळे कसे आहेत?"

घरी कोणी नव्हतं. पण ते म्हणाले, "कृपा आहे."

मग त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं.

"अगंबाई! ससा!" बाईसाहेबांनी त्याच्या कपाळाला एक बोट लावलं. "कसला गोड आहे! मला लहानपणी ससे फार हवे असायचे. आईसाहेब घेऊच द्यायच्या नाहीत, ना?"

मी श्रीपतरावांकडे बघितलं. माझी गंमत आता सुरू व्हायची होती. अमानत, गादी, राजवाड्याचा दस्तूर, सगळं आता हा माणूस बोलून दाखवणार, आणि ती पोर लाजेनं लाल होणार.

"होय," श्रीपतराव म्हणाले. "घेऊ द्यायच्या नाहीत."

"मग हा कुणाचा?"

"गल्लीतल्या पोरांचा आहे. आपल्याला दाखवायला आणला."

तिनं आणखी एकदा त्याच्या डोक्यावर बोट फिरवलं, चहाचं विचारलं, मुंबईला या म्हणाली. शिट्टी झाली. गाडी हलली तसे श्रीपतराव पुन्हा कमरेत वाकले, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच वाकून राहिले. मला वाटलं पाठ धरली. मी हात द्यायला गेले तर स्वतःच सरळ झाले.

परतताना टांग्यात, अर्ध्या वाटेत त्यांनी टोपली मांडीवर घेतली.

"सूनबाई, आता याला नाव द्यायला हरकत नसावी."

"म्हणजे? इतकी वर्षं नाव नव्हतं? एकालाही?"

"दुसऱ्याच्या जनावराला आपण नाव कसं द्यायचं?" ते म्हणाले. "ते परत जायचं असतं."

मला वाटलं, आता काहीतरी भरजरी निघणार. रणधीरसिंह वगैरे.

"बाळू," ते म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की ते नाव टांग्यात सुचलेलं नव्हतं हे मलाही कळलं.

मग त्यांनी टोपलीत तोंड घातलं आणि हळूच हाक मारली. ससा कुठला वर बघतोय? पुन्हा मारली. माझ्या जिभेवर एक टोमणा अगदी तयार होता, चांगला होता, अजून आठवतो. तो मी गिळला. शनवाऱ्याच्या वेशीशी टांगा जरा थांबला, तशी टांगेवाल्यानं मान वळवून विचारलं, "किसको बुला रहे हो, दरोगाजी?"

श्रीपतरावांनी मान वर केली नाही.

"घर का बच्चा है," म्हणाले. "अभी नाम नया है. सुनने लगेगा."